अजस्र यंत्रें आणि कंधारचा किल्ला

युद्धयंत्रांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांत दोन पक्ष नेहमीं आढळतात. यंत्र जितकें अजस्र तितकी कथा रंगतदार, असें एका पक्षाचें मत. यंत्र वाढूं लागलें कीं कथेंतील माणूस खुजा होतो, अशी दुसऱ्याची तक्रार. एच्. जी. वेल्स यांच्या १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीच्या शेवटाविषयीं मात्र दोन्हीकडून नापसंती ऐकूं येते. मंगळावरून आलेले शत्रू तीन पायांच्या प्रचंड यंत्रांत बसून इंग्लंड उद्ध्वस्त करतात. माणसांच्या तोफांचें त्यांच्यापुढें फारसें चालत नाहीं. आणि अखेर डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु त्यांचा निकाल लावतात. हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आणि आमच्या बाजूचा साक्षीदार विलायतेंत नसून नांदेड जिल्ह्यांत, कंधार येथें उभा आहे.

कंधारचा भुईकोट किल्ला पाहतां त्याचा रुंद खंदक, भक्कम तट आणि बुरुजांवरील तोफा प्रथम मनांत भरतात. निजामशाहीच्या काळीं या प्रदेशांत तोफ हेंच महायंत्र होतें, आणि तें ओतणारे कसबी ‘रूमी’, म्हणजे तुर्कस्तानाकडील, असत. १५४९ सालीं अहमदनगर येथें महंमद बिन हसन रूमी यानें ‘मलिक-इ-मैदान’ ओतली. तिचें वजन सुमारें ५५ टन भरतें, आणि तिच्या तोंडाला हत्तीस चिरडणाऱ्या हिंस्र जबड्याचा आकार आहे. शत्रूच्या मनांत गोळ्याआधीं धाक पोंचावा, हाच त्यांतील हेतु. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती. १६३२ सालीं तेथून ती विजापुरास गेली.

त्याच्या आदल्याच वर्षीं, १६३१ सालीं, शहाजहानाचा सरदार नसीरीखान यानें कंधारला घातलेला वेढा पूर्ण झाला. दोन्हीकडून तोफा धडाडल्या. पण निकाल लागला तो जमिनीखालीं. मोगलांच्या माणसांनीं भुयारें खणून तटाखालीं दारू ठासली आणि सुरुंग उडविले. चार महिन्यांहून अधिक काळ झुंजलेल्या शिबंदीनें शेवटीं किल्ला स्वाधीन केला. बुरुजावरील तोफ दूरचा शत्रु टिपूं शकत होती. आपल्याच पायाखालचा नव्हे.

विजापुरासहि मलिक-इ-मैदान वांचवूं शकली नाहीं. १६८६ सालीं दीर्घ वेढ्यानंतर शहर औरंगजेबाच्या हातीं गेलें, आणि त्यानें आपल्या विजयाचा लेख त्याच तोफेवर कोरविला. ज्या यंत्रानें शत्रूस थोपवावयाचें, तेंच शत्रूची पाटी झालें!

यावरून तोफा निरुपयोगी होत्या असें कोणी समजूं नये. त्यांच्या भयानेंच तट जाड झाले, वेढे लांबले, आणि वेढा घालणाऱ्यांस जमिनीखालून वाट काढावी लागली. तथापि यंत्राचा आकार आणि युद्धाचा निकाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वेल्स यांनीं जंतूंकडून जें करविलें, तेंच कंधारास कुदळफावड्यांनीं केलें; म्हणून त्यांचा शेवट आम्हांस सोयीचा न वाटतां इतिहासास धरून वाटतो.

मलिक-इ-मैदान ओतणाऱ्याचें नांव तिच्यावर आजहि वाचतां येतें. कंधारच्या तटाखालीं अंधारांत कुदळ चालविणाऱ्यांचीं नांवें मात्र आपल्यापर्यंत आलेलीं नाहींत. महायंत्रांच्या कथा वाचणाऱ्यांनीं, मग ते कोणत्याहि पक्षाचे असोत, त्यांचीहि आठवण ठेवावी.