सपाटीची गाडी, घाटाची गाडी

मे १९३८. पहाटेचे चार वाजलेत, तरी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या भिंतींतून कालच्या उन्हाची धग अजून निघते आहे. पोर्चमध्ये फोर्ड व्ही-एट उभी आहे, गेल्या सालची. मध्यप्रांत-वऱ्हाडचं सरकार उन्हाळ्यासाठी पचमढीला गेलंय; डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळातला तंटाही यंदा तिथंच मिटवायला घेतलाय. साहेब लोक पिपरियापर्यंत रेल्वेनं जातात आणि तिथून वर चढतात. तुम्ही गाडीनं निघालात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया. ड्रायव्हर शेजारी सरकून बसलाय आणि स्टिअरिंग तुमच्या हातात आहे. मागच्या सीटच्या पायाशी पाण्याचे डबे भरून ठेवलेत. ते प्यायचे नाहीत, हे तुम्हाला दुपारपर्यंत कळेल.

इंजिन सुरू होतं आणि आवाजापेक्षा आधी त्याचा संथपणा जाणवतो. आठ सिलिंडर एकमेकांच्या इतके पाठोपाठ पेटतात की मध्ये फट राहत नाही. सदर मागं पडतं, कोराडीच्या पुढं गिट्टी-मुरुमाचा रस्ता लागतो, तुम्ही तिसरा गिअर टाकता. तोच शेवटचा. आणि मग गिअरच्या दांड्याला हात लावायची वेळच येत नाही. पाटणसावंगीच्या अलीकडं बैलबंड्यांची रांग आडवी येते. वेग माणसाच्या चालीइतका उतरतो. दुसरी कुठलीही छोटी गाडी इथं गचके खाऊन बंद पडली असती. तुम्ही नुसता पाय दाबता आणि ही तिसऱ्याच गिअरमध्ये, कुरकुर न करता, स्वतःला ओढत वर नेते. ३.६ लिटरचं इंजिन, ८५ अश्वशक्ती. आकडा मोठा नाही. पण ती ताकद इंजिन फिरायला लागलं की लगेच हाताशी असते, तिच्यासाठी थांबावं लागत नाही.

अमेरिकन गाडीचा स्वभाव इथं पायाच्या तळव्याला कळतो. मिशिगनच्या शेतकऱ्याच्या कच्च्या रस्त्यासाठी, स्वस्त पेट्रोलसाठी, मैलोन् मैल न वळणाऱ्या जमिनीसाठी ती घडली. हेन्री फोर्डनं आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. त्यामुळं खड्डा गाडीला लागतो, पण तुमच्या पाठीपर्यंत पोचता पोचता त्याची धार जाते. आणि ही जमीनही तशीच आहे. सावनेरपर्यंत डावी-उजवीकडं काळी माती, कपाशीच्या धसकटांची रानं आणि समोर सरळ रेघ. स्टिअरिंग जरासं फिरवलं तर काहीच होत नाही. आणखी फिरवलं की गाडी सावकाश मनावर घेते. इथं त्याचं काही बिघडत नाही, कारण वळायचंच कुठं आहे?

सौंसर ओलांडलं, रामाकोना मागं पडला, आणि सातपुडा सुरू होतो. सिल्लेवानीचा घाट. पहिल्याच वळणावर तुम्हाला कळतं की ही गाडी वेगळ्या माणसांनी वेगळ्या जागेसाठी केली आहे. मऊ स्प्रिंगांवर सगळं अंग एका बाजूला झुकतं, पुढची चाकं बाहेर सरकतात, स्टिअरिंगला हातभर फिरवत राहावं लागतं. ब्रेक पोलादी तारांनी ओढले जाणारे. या कंपनीच्या गाड्यांना तेलाचे ब्रेक पुढच्या सालापासून मिळतील. तुम्ही पाय रोवून उभे राहता, तेव्हा कुठं वेग कमी होतो. वर नागपुरी मे. या इंजिनात जळालेला धूर सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या पिशव्यांना चाटून बाहेर काढलाय, म्हणून पाणी लवकर उकळतं. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या माथ्यावर, तो तापला की पेट्रोलची नळीतच वाफ होते. इंजिन दोन उचक्या देतं आणि गप्प बसतं.

"थांबा जी साहेब," ड्रायव्हर उतरत म्हणतो. "तापली ते. आता तिले थंडी केल्याबिगर ते हलत नाई."

तो ओलं फडकं पंपावर गुंडाळतो, डब्यातलं पाणी त्याच्यावर धार धरून सोडतो. तुम्ही तेंदूच्या सावलीला उभे. खाली दरीतून छिंदवाड्याच्या छोट्या लाइनीची शिट्टी येते.

आता त्याच रस्त्यावर, त्याच घाटाच्या पायथ्याशी, नोव्हेंबर १९६४. नागपूर राजधानी राहिलेलं नाही, सौंसर मध्यप्रदेशात गेलंय, पण बाजारात अजून मराठीच ऐकू येते. आंबिया बहाराची संत्री ट्रकवर चढवली आहेत. गाड्या म्हणाल तर रस्त्यावर अॅम्बेसेडर आणि फियाट. परदेशी गाडी आणायची दारं जवळजवळ बंद आहेत. तरीही जर्मन गाडी या रस्त्यावर रोज धावते आहे, फक्त तिच्यावर संत्री लादलेली असतात. तुम्ही जिच्या केबिनमध्ये चढता तिच्या जाळीवर तीन टोकांचा तारा आहे. टेल्को १९५४पासून जमशेदपूरला डायम्लर-बेंझच्या सहकार्यानं हे ट्रक बांधते आहे. शहरातले शौकीन जर्मन इंजिनाबद्दल मासिकांत वाचत होते तेव्हा कळमन्याचे, कामठी रोडचे ड्रायव्हर ते हातानं ओळखत होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या भागातली जर्मन गाडीची पहिली खरी समज त्यांची आहे.

ड्रायव्हर तुम्हाला स्टिअरिंग देतो, पण नजर हटवत नाही. गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबायचा. मध्ये इंजिनाचा आवाज ऐकायचा, दातऱ्यांचा वेग जुळला की दांडा आपोआप आत जातो. चुकलात तर पायाखाली करवत चालल्यासारखा आवाज येतो. जुन्या पेट्रोलच्या फोर्ड-शेवरोलेट ट्रकांसारखं हे इंजिन चुका पोटात घालत नाही. माथ्यावर पोचून उतार लागतो तेव्हा ड्रायव्हर एवढंच सांगतो:

"ज्या गिअरमंदी चढलो, त्याच गिअरमंदी उतरा लागते. ब्रेकाले शेवटी हात लावाचा."

तुम्ही पाय पेडलवरून काढता. डिझेल इंजिनाचा दाब मागून पूर्ण बोजा धरून ठेवतो आणि संत्र्यांनी भरलेला ट्रक एका ठरलेल्या चालीनं घाट उतरतो. तुम्ही जेवढं नीट सांगता तेवढंच ही गाडी करते, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

आणि याच सुमारास, इथून फार दूर, त्या दोन गाड्या जन्माला आल्या आहेत ज्यांच्यावरून पुढं साठ वर्षं वाद होणार आहे. पॉन्टिअॅकमध्ये जॉन डेलोरियनच्या माणसांनी मधल्या आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवलंय. मालक कंपनी जनरल मोटर्सचा नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको. म्हणून ते जादा सोय म्हणून विकलं आणि तिला नाव दिलं जीटीओ. तिकडं स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात पोर्शनं ९११ बांधायला घेतली आहे. इंजिन २ लिटरचं, हवेनं थंड होणारं, १३० अश्वशक्तीचं आणि मागच्या चाकांच्याही मागं टांगलेलं. जर्मनीत गाडीवरचा कर इंजिनाच्या आकारमानावर बसतो, म्हणून तिथल्या माणसानं लहान इंजिनातून जास्तीत जास्त काढायला शिकून घेतलं. अमेरिकेत पेट्रोलचा गॅलन तीस सेंटांच्या आसपास होता, तिथं इंजिन मोठं करणं हाच सोपा मार्ग.

दोन्ही तेव्हा सौंसरच्या रस्त्यावर आल्या नाहीत. काळ ओलांडलाच आहे तर समुद्रही ओलांडू. सावनेरच्या पुढं, सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर त्या शेजारी उभ्या करू.

आधी जीटीओ. स्टिअरिंग डावीकडं, समोर बैठकीच्या खोलीएवढं बॉनेट. तुम्ही जागेवरच जरा पाय दाबता आणि अख्खी गाडी इंजिनाच्या झटक्यानं एका अंगाला डुलते. ३२५ अश्वशक्ती हा कंपनीचा आकडा. पण अंगाला जाणवते ती मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्यांच्याही आत मिळणारी ओढ. क्लच सोडता, मागची चाकं क्षणभर जागीच फिरतात, मग जमिनीला पकडतात आणि तुमची मान मागं जाते. गाडी पुढं जाते असं वाटतच नाही, रस्ताच खाली ओढून घेतल्यासारखा वाटतो. चौथा गिअर, आणि आता काही करायचं नाही. कोपर खिडकीत. सोळाशे किलोंचं धूड, चारही चाकांना ड्रमब्रेक. ऐंशीच्या वेगात ही गाडी अर्धी झोपलेली असते आणि तीच तिची मजा आहे: पायाखाली केवढं तरी शिल्लक आहे हे ठाऊक असणं. वापरावंच लागतं असं नाही.

मग घाट. पहिलं वळण, त्या जुन्या फोर्डचंच मोठं भावंड. नाक बाहेर पळतं. तुम्ही पाय आणखी दाबता, तर शेपूट बाहेर. मागचा अॅक्सल एकसंध, एका चाकाखालचा दगड दुसऱ्या चाकालाही कळतो. पाचव्या वळणावर ब्रेकचा जळका वास. घाटात ही गाडी आवरत राहावी लागते, आणि तुमचे दंड भरून येतात.

आता ९११. दार धातूच्या एका टणत्कारानं मिटतं. समोर पाच गोल घड्याळं, आणि मधोमध सर्वांत मोठी वेगाची नाही, इंजिनाच्या फेऱ्यांची. हिच्यात काय ऐकायचं ते तिथंच सांगितलंय. वजन जीटीओच्या दोनतृतीयांश. सपाटीवर तुम्ही पाय दाबता आणि काहीच विशेष होत नाही. दोन हजार फेऱ्यांना इंजिन नुसतं खरखरतं. सावनेरच्या सरळ रेघेवर जीटीओवाला तुम्हाला मागं टाकून दिसेनासा झाला असता. चार हजारांच्या वर मात्र मागून आवाज चढायला लागतो, कोरडा, हवेचा, आणि तुम्हाला गिअर उतरवून तो तिथंच ठेवावासा वाटतो. इथं ताकद तुम्हाला कमवावी लागते.

आणि घाटात ती सगळी वसूल होते. स्टिअरिंग हलकं, पुढं वजनच नाही. चाकाखाली गिट्टी आली, वाळू आली, ओलं पान आलं, ते बोटांना कळतं. वळणात शिरताना तुम्ही मनात आणता आणि नाक वळलेलं असतं. चारही चाकांना डिस्कब्रेक, दहाव्या वळणालाही पहिल्याइतकेच खरे. पण घाबरून एकदा, वळणाच्या मध्यावर, पाय काढा. मागचं इंजिन वळणाच्या बाहेर निघतं आणि गाडी स्वतःभोवती फिरू बघते. मागं बोजा जास्त झाला की बंडी उलाळ होते हे सौंसरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही; तो ओझं पुढं सरकवतो. पोर्शनंही सुरुवातीच्या गाड्यांना तेच केलं, पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत वजनं बसवली, आणि १९६९च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागं नेली. म्हणजे ही गाडी उदार नाही. वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात पाय स्थिर ठेवा, बाहेर पडताना दाबा. ट्रकवाल्यानं तुम्हाला त्या उतारावर जे शिकवलं, त्याच शिस्तीचा हा धडा.

आता २०२२ नंतरचं नागपूर. ११ डिसेंबर २०२२ला शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू झाला, पहिला टप्पा शिर्डीपर्यंतचा, ५२० किलोमीटर. पुढं ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुले झाले. विदर्भाच्या सपाटीला शोभेल असा रस्ता अखेर आला. तुम्ही ५ लिटरच्या, आठ सिलिंडरच्या मस्टँगमध्ये आहात. २०१६ साली ती उजव्या स्टिअरिंगसह अधिकृतपणे भारतात आली, आणि २०२१मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन थांबवायची घोषणा केली. ज्या गाडीचा स्वभाव या रस्त्याला जुळतो तिची कंपनी रस्ता यायच्या आधीच आवरती झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेगमर्यादा १२०. त्या वेगात मस्टँगचं इंजिन जेमतेम जागं असतं. नवी ९११ असती तर तीही अशीच मुकी. मस्टँगची मागची चाकं २०१५पासून स्वतंत्र टेकतात, ९११चं इंजिन आता पाण्यानं थंड होतं, दोन्हींची स्टिअरिंग विजेवर फिरतात. सरळ काँक्रीटवर डोळे मिटले तर दोघींत फरक सांगणं कठीण. आणि डोळे मिटतात, हेच इथलं खरं भय. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तासन् तास काहीच न बदलणाऱ्या रस्त्यावर हातांना काम उरत नाही, मन सैल होतं, तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचं टायर कधी फुटेल सांगता येत नाही. गाडी कितीही जर्मन असो, शिवमडक्याला थांबून हवा तपासा, आणि डोळा जड झाला की बाजूला घ्या.

मला विचाराल तर गाडीची परीक्षा समृद्धीवर करू नये. धामणगावला खाली उतरा, अमरावती, परतवाडा, आणि पुढं चिखलदऱ्याचा घाट. परतवाड्यापर्यंत मला ती जुनी जीटीओ द्या, खिडकी उघडी, ऐंशीचा वेग, चौथा गिअर. तिथं चहा घेईन आणि किल्ल्या बदलून घेईन, कारण वरच्या वळणांना ६४ सालची ९११च हवी, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीस-पन्नासच्या वेगात, दोन्ही हात स्टिअरिंगवर.