‘लाइट’ आली, पण चुलीसाठी नाही

गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मावशीनं 2000 वॅटची इंडक्शन शेगडी आणली. शेगडीचा प्लग मोठ्या पिनांचा, ओट्याजवळचं सॉकेट लहान. मग दुकानातून कन्व्हर्टर आणला, कुकर चढवला, आणि थोड्याच वेळात जळका वास आला. सॉकेट काळं पडलं होतं. ‘शेगडीच खराब निघाली,’ मावशी म्हणाली. पण शेगडी ठणठणीत होती. दोष भिंतीत होता, आणि तो समजून घ्यायचा तर शंभरएक वर्षं मागे जावं लागतं.

आपण अजूनही ‘लाइट गेली’, ‘लाइट बिल आलं’ म्हणतो. फ्रिज बंद पडला तरी गेलेली असते ती लाइटच! या शब्दात इतिहास आहे. मुंबईत 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, 1907 मध्ये विजेची ट्राम धावली. सामान्य घरात मात्र वीज शिरली ती दिवा म्हणून, मागून पंखा. स्वयंपाकाला कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह होताच; 1950च्या दशकात सिलिंडरचा गॅस आला. विजेवर रोजचं जेवण शिजेल, हे गृहीत धरून चाळींचं वायरिंग झालंच नाही.

आता हिशोब बघा. 60 वॅटचा बल्ब 230 व्होल्टला साधारण पाव अँपिअर प्रवाह घेतो. मावशीची शेगडी जवळपास पावणेनऊ. म्हणजे तेहतीस बल्ब एकदम लावल्यासारखं. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून नेलेल्या रबरी आवरणाच्या तारा असत. रबर वर्षानुवर्षं कडक होऊन तडकतं. पुढे तांबं महाग म्हणून अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमची तार आली. ती स्क्रूखाली हळूहळू सैल होते, आणि सैल जोडच आधी तापतो.

दोन मापांची सॉकेटं का, तर तीही ब्रिटिशांची देणगी. गोल पिनांचे 5 आणि 15 अँपिअरचे प्लग त्यांच्या 1934च्या मानकातले. लहान पिना किरकोळ कामाला, मोठ्या पिना ‘पॉवर’ला. ब्रिटननं 1947 साली घरासाठी 13 अँपिअरच्या चौकोनी पिनांचा एकच प्लग ठरवला. आपण गोल पिनाच ठेवल्या. आज त्यांना 6 आणि 16 अँपिअर म्हणतात. मोठा प्लग लहान सॉकेटात जात नाही, ही गैरसोय नाही, ती पूर्वसूचना आहे. कन्व्हर्टर नेमकी तीच पुसून टाकतो.

मग वायरिंग बदललं का नाही? याचं एक उत्तर भाडे नियंत्रणात आहे. मुंबईच्या 1947च्या कायद्यानं प्रमाणित भाडं 1940च्या पातळीला बांधलं. त्यामुळे लाखो भाडेकरूंच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं, हे विसरता येत नाही. पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि परक्याच्या भिंतीत पैसे घालायला भाडेकरूही कचरत राहिला. तार तशीच राहिली.

शेवटी मावशीनं परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून वेगळी लाइन ओढून घेतली: 4 चौरस मिलीमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी, 16 अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग. त्याआधी मीटरचा मंजूर भार तपासला. खर्च शेगडीपेक्षा जास्त आला, त्यावर घरात दोन दिवस कुरकुर झाली. तो खर्च कुणी करायचा, हा प्रश्न मात्र मावशीच्या एकटीचा नाही. ‘गॅसऐवजी वीज वापरा’ असं सांगताना आपण शेगडीची किंमत मोजतो, भिंतीतल्या तारेची मोजत नाही.

तुमच्या जुन्या घरी स्वयंपाकघरात किती पॉइंट होते? आई-आजीला विचारा आणि मला जरूर कळवा.