बासुंदीची वाटी आणि मंडईतली मनी



संवत्सरीच्या पारण्याला केलेली बासुंदी थोडी उरली होती. मंडईत भाजीला जाताना डब्यातून नेली आणि गाळ्याखालच्या मनीला वाटीभर घातली. तिने चाटूनपुसून संपवली. जीवदया घडली म्हणून मी खूश! चार दिवसांनी भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, तिला गोड नका घालू. दोन दिवस नुसती ढाळत होती."

मी बी.कॉम. झालेली. मनात हिशेब मांडला: पुण्य माझ्या खात्यात जमा, खर्च मात्र मनीच्या पोटातून.

मग वाचायला घेतलं. मांजर माणसाजवळ आली ती मिठाईसाठी नव्हे, धान्यामागे येणाऱ्या उंदरांसाठी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजरीचे सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. आपली मंडईची इमारत 1886 ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. पण बाजार आणि मांजर यांचं नातं त्याहून किती जुनं!

मांजरीला गोड चवच कळत नाही. गोडी ओळखणारं एक जनुक तिच्यात निकामी झालेलं आहे, हे अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवलं. मग मनीने बासुंदी का चाटली? तिला ओढ सायीची, स्निग्धाची. साखर तिच्या लेखी नव्हतीच. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दुधातली साखरही पचत नाही, आणि बासुंदी म्हणजे तर आटवलेलं दूध. चॉकलेट तर तिला विषच. बेदाणे घातलेला शिरा, खीरही देऊ नये.

आपल्याला अवघड वाटणारी गोष्टही सांगते. मांजर मांसाहारीच प्राणी. टॉरिन नावाचं द्रव्य तिला मांसातून मिळतं. ते कमी पडलं तर तिची दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. तिला आपल्यासारखं शाकाहारी करू पाहणं ही दया नव्हे.

जीवदयेचा आपला इतिहास मोठा आहे. 1832 मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला. पुढे 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. एक पारशी, एक जैन. पांजरापोळीत गाईला चारा घालतात, पक्ष्याला दाणे. ज्याला जे लागतं ते त्याला. मी मात्र मनीला माझ्या जिभेला आवडतं ते वाढलं.

आपल्या धर्मात दयेच्या आधी ज्ञान सांगितलं आहे. इतकी वर्षं ऐकत आले, अर्थ मंडईत कळला.

आता मी मंडईत जाते तेव्हा मनीसाठी स्वच्छ पाण्याची वाटी भरून ठेवते. पावसाळ्यात एक जुनं पोतं दिलं बसायला. उरलेली बासुंदी मावशींच्या नातवाला. तो मिटक्या मारत खातो, आणि त्याला गोड कळतं!