सतत ग्लुकोजमापन यंत्र निवडताना

बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरने घेतलेली चाचणी त्या क्षणाची साखर सांगते. मात्र मध्यरात्री झोपेत ती किती खाली उतरली होती, हे तिला सांगता येत नाही. ही उणीव दंडावर किंवा पोटावर चिकटवायचे सतत ग्लुकोजमापन यंत्र भरून काढते. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या नोंदी डॉक्टर नंतर पाहत असत; आता त्या काही मिनिटांच्या अंतराने मोबाइलवर उमटतात.

सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखाली राहतो. तो रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रावातील ग्लुकोज मोजतो. त्यामुळे जेवणानंतर किंवा व्यायामाच्या वेळी त्याचा आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर बोटाचीच चाचणी करावी. ग्लुकोमीटर अडगळीत टाकणे धोक्याचे आहे.

किमतीची चौकशी सगळेच करतात. त्याआधी यंत्र धोक्याचा इशारा देते का, हे विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांची, विशेषतः ज्यांना घाम, थरथर ही पूर्वसूचना मिळेनाशी झाली आहे त्यांची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास झोपेतून उठवणारे यंत्रच हवे. फ्रीस्टाइल लिब्रेच्या मूळ आवृत्तीत ही सोय नाही. लिब्रे २ आणि डेक्सकॉम जी ७ मध्ये आहे. अर्थात मोबाइलची बॅटरी संपली असेल, तर मोबाइलवर येणारा इशारा मिळणार नाही.

केवळ गोळ्या घेणाऱ्यांना यंत्र बारमाही लागतेच असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा चौदा दिवस सेन्सर लावून सोबत आहाराची वही ठेवली, तरी पुष्कळ उलगडा होतो. उपवासाच्या साबुदाणा खिचडीनंतरचा आलेख पाहून अनेकांचे डोळे उघडतील! बहुतेक प्रौढांमध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक काळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान असावी, असे मानतात. गर्भवती व वृद्धांसाठी उद्दिष्टे निराळी आहेत.

खर्चाचा हिशेब वर्षाचा करावा. चौदा दिवसांचे सेन्सर वर्षाला २६ लागतात, दहा दिवसांचे ३७, तर सात दिवसांचे ५२. त्वचा न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांच्या व अंगठ्यांच्या नादी लागू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये त्यांच्याविषयी इशारा दिला असून, तेव्हा अशा एकाही साधनाला त्याची मान्यता नव्हती.

नेहमीची औषधेही डॉक्टरांना सांगावीत. काही सेन्सरवर पॅरासिटामॉलमुळे, तर लिब्रे २ वर दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व घेतल्याने आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो. उलट, सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे तो खोटाच घसरतो आणि रात्री विनाकारण इशारा वाजतो. म्हणून ज्या कुशीवर झोपण्याची सवय असेल, त्याच्या विरुद्ध दंडावर सेन्सर लावावा.