पायी वारीत डासांपासून बचाव कसा कराल? मच्छरदाणी पुरेशी का नाही?

परभणी जिल्ह्यातल्या पालमहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. रोज 25 किलोमीटर चाललं तरी दहा मुक्काम होतात. शेजारच्या गंगाखेडवरून शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही जाते. आषाढी वारी नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर येते. साचलेलं पाणी आणि शाळेच्या ओट्यावर किंवा तंबूत झोप, म्हणजे डासांची सोयच. पाठीवर बॅग टाकून कित्येक दिवस चालणाऱ्या कुणालाही ही अडचण येते.

बहुतेकांची तयारी रात्रीची असते. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलिस डास संध्याकाळ ते पहाट चावतो, त्यामुळे मच्छरदाणी हवीच. ती अंगाला चिकटली तर डास जाळीतूनही चावतो, म्हणून चारही कोपरे ताणून बांधा आणि कडा अंथरुणाखाली खोचा.

पण डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि सूर्यास्ताआधी. म्हणजे दिंडी चहाला थांबते किंवा मुक्कामी पोचून सगळे पाय पसरून बसतात, तेव्हा. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची उष्णता आणि घामाचा वास डासाला बोलावतात. चालून आलेल्या माणसाकडे तिन्ही भरपूर! त्यामुळे विसाव्याला बसण्याआधी हात-पाय धुवा, पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे सैल कपडे घाला आणि उघड्या अंगावर डासरोधक क्रीम लावा. पाकिटावर डीट किंवा पिकारिडिन हे घटक शोधा. घामाने, पावसाने क्रीम धुऊन जातं, तेव्हा पुन्हा लावावं लागतं. सनस्क्रीन वापरत असाल तर आधी ते, मग हे.

बंद तंबूत कॉइल मात्र लावू नका. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असू शकतात, असं 2003 मधल्या एका अभ्यासात आढळलं. लिंबाच्या पाल्याचा धूर उघड्यावर थोडा वेळ कामाला येतो, पण रात्रभर नाही. आणि मोबाइलमधून आवाज काढून डास पळवणारी अ‍ॅप? ती डिलीट केलीत तरी चालेल. 2007 च्या कॉक्रेन आढाव्यात अशा आवाजाच्या उपकरणांचे 10 प्रयोग तपासले गेले, डास चावण्यात काहीच फरक दिसला नाही.

ताप आला तर गुडघ्याची गोळी थांबवा

वाटेत ताप आला की 'पावसात भिजलो, थकलो' असं म्हणून लोक चालत राहतात. डास चावल्यावर डेंग्यूचा ताप साधारण 4 ते 10 दिवसांत येतो, म्हणजे तो वाटेतच येऊ शकतो. खरा धोका इथे आहे. चालणाऱ्यांच्या पिशवीत पाय-गुडघेदुखीच्या गोळ्या असतातच आणि त्यात बऱ्याचदा आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं. डेंग्यूत ही औषधं, तसंच अ‍ॅस्पिरिन, रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तापात पॅरासिटामॉल चालतं, तेही ठरलेल्या मात्रेतच. भरपूर पाणी प्या आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. ताप उतरतानाही हे सुरू होऊ शकतं, म्हणून 'उतरला' म्हणून लगेच चालायला लागू नका.

हिवताप मात्र डास चावल्यावर आठवड्याने, कधी महिन्यानेही येतो. वारीहून घरी परतल्यावर थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना पायी जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.