नाशिक ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

वर्गातला पृथ्वीगोल घेऊन नाशिक आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरू. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर दोरा सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. या गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४२५ किलोमीटर. म्हणजे अंतर आले जवळजवळ ७,२०० किलोमीटर. ताणलेला दोरा बृहद्वृत्तावर बसतो. गोलावर याहून जवळचा मार्ग नाही. हे अंतर बदललेले नाही. वेळ मात्र बदलत गेला. तो केवळ यंत्रांचा वेग वाढल्यामुळे बदलला का?

९ जून १९०६ रोजी नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर कायद्याच्या शिक्षणासाठी मुंबईहून 'पर्शिया' बोटीने लंडनला निघाले, तेव्हा या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागत. तेही सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता म्हणून. त्यापूर्वी जहाजांना सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे. येथे वेळ वाचला तो मार्ग बदलल्यामुळे.

३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची विमानसेवा सुरू झाली. अंतर सुमारे ८,००० किलोमीटर, वेळ सात दिवस. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरहूनही कमी येतो! ती विमाने ताशी दीडशे किलोमीटर सहज जात. मग उरलेला वेळ कुठे गेला? इंधनासाठी आणि मुक्कामासाठी वारंवार उतरावे लागे. शिवाय बाझेल ते जिनोव्हा हा टप्पा चक्क आगगाडीचा होता. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला उतरले आणि मुंबई या मार्गाला जोडली गेली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोहोचले. मुंबई-कैरो सुमारे ४,३५०, कैरो-जिनिव्हा २,८००, जिनिव्हा-लंडन ७५० किलोमीटर, बेरीज ७,९००. म्हणजे थांब्यांपायी अंतरही सुमारे ७०० किलोमीटरने वाढले. १९६० मध्ये ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाची बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि पुढे थांबेही गळाले.

७,२०० ला ९०० ने भागले तर आठ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जायला नऊ-दहा तास लागतात. एक कारण वाऱ्याचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते अडवतात, येताना ढकलतात. म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो. दुसरे कारण राजकीय. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा भारतातून युरोपला जाणाऱ्या अनेक विमानांना वळसे घ्यावे लागले. दोऱ्याला सरहद्दी नसतात, विमानाला असतात.

नाशिककरांना लंडनचे विमान गाठायला आधी मुंबईला जावे लागते. रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. आपल्या गोलावर अर्धा सेंटिमीटरही नाही. पण त्याला तीन-चार तास लागतात, म्हणजे उरलेल्या सगळ्या अंतराला लागणाऱ्या वेळाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. 'अंतर भागिले वेग' हे उदाहरण फळ्यावर सोडवून झाले, की उत्तरात न मावलेले तास कुठे गेले, हेही विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. इतिहास आणि भूगोल त्या तासांतच आहेत.