वाक्-आकलन व विकासविलंब (बालकांतील)

बोललेले समजणे व स्वतः बोलणे या दोन भिन्न क्षमता असून विकासक्रमात पहिली दुसरीच्या आधी येते. साधारणतः वर्षाचे मूल ‘ये’, ‘दे’ अशा शब्दांना प्रतिसाद देते. दोन शब्द जोडून बोलण्यास त्यास आणखी सुमारे वर्ष लागते. त्यामुळे न बोलणाऱ्या बालकास ऐकू येते काय आणि ऐकलेले समजते काय, हे प्रश्न प्रथम विचारावे लागतात. महाराष्ट्रात ते लहान वयातच विचारले जाण्यास दीर्घ काळ लागला.

लोकव्यवहारात न बोलणारा तो ‘मुका’, एवढीच कोटी होती. रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत निघालेली मूकबधिरांची शाळा ही भारतातील अशी पहिली शाळा मानतात. तिच्यामुळे वाणीचा अभाव बहुधा बहिरेपणातून येतो, ही जाणीव रुजली. पण उपाय शालेय वयातच सुरू होई. बौद्धिक विकासात मागे पडलेल्या मुलांसाठी मुंबईत वकील दांपत्याने १९४४ मध्ये आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली.

मापनाची अडचण वेगळी होती. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीची कन्नड व मराठी रूपे सिद्ध करून १९४० मध्ये त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. कार्य मोलाचे, तथापि चाचणी बव्हंशी भाषेवर आधारलेली. ज्यास प्रश्नच समजत नाही त्याची बुद्धी तिने कशी मोजावी? प्रमिला फाटक यांनी बडोद्यात अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बालकांसाठी तयार केलेल्या विकासमापन श्रेणीत हालचाली व वस्तूंची हाताळणीही पाहिली जाते. त्यामुळे शब्दापूर्वीचे वय मोजमापाच्या कक्षेत आले.

मुंबईत १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण संस्था स्थापन झाली. परंतु तज्ञ महानगरात आणि मूल खेड्यात, हे अंतर उरलेच. ते सांधण्याचे साधन १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची अंगणवाडी ठरली. पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासविलंबाचा तपासणीत समावेश झाला. फिरते पथक अंगणवाडीत मुले तपासते व संशयित बालकास जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे.

हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका व त्याच्या परिसरासारख्या ग्रामीण भागात निदानाचा एक प्रश्न विशेष जपून हाताळावा लागतो. या जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी असून तांड्यावरील मुलाची घरची भाषा गोरमाटी असते. अंगणवाडीत मराठी सूचना न कळणारे असे मूल मागासलेले समजले जाण्याचा धोका असतो. उलटपक्षी, खरोखर कमी ऐकू येणारे मूल ‘मराठी येत नाही’ म्हणून दुर्लक्षिले जाऊ शकते. म्हणून आकलनाची पारख घरच्या भाषेत, शक्यतो आईच्या तोंडून व हाताची खूण न करता केली जाते. खूण दिसल्यास मूल शब्दाऐवजी तिलाच प्रतिसाद देते.